भाड्यातील सवलत आणि पायरीची उंची

नाणे मावळातून येणारी वाट इंद्रायणी ओलांडून जेथे जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला मिळते, पवन मावळातील पवनानगराकडून येणारा रस्ताही जेथे येऊन थांबतो आणि पुणे-लोणावळा लोकलचा फलाट जेथून हाकेच्या अंतरावर आहे, ते कामशेत हे दोन्ही मावळांचे बाजाराचे गाव. वडगावच्या मामलेदार कचेरीत दाखल्यासाठी जाणारा, पुण्याच्या इस्पितळात तपासणीस निघालेला आणि लोणावळ्यास मजुरीला जाणारा, असे सारे येथेच वाहन बदलतात. या गर्दीत कुबडीवर भार देऊन उभा असलेला मनुष्य दिसला म्हणजे पुढचा अर्धा तास त्याच्या वाट्याला कसा येणार आहे, याचा विचार मनातून जात नाही.

राज्य परिवहनाची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुण्याहून नगरला गेली, आणि पुढे या सेवेने अपंगांच्या भाड्यात 75 टक्क्यांची सवलत ठेवली. ही सवलत मोठीच आहे व तिचे मोल गरीब घराला पुरेपूर ठाऊक आहे. परंतु ती मिळण्यास प्रमाणपत्र लागते, प्रमाणपत्रासाठी औंधच्या जिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी जावे लागते, आणि तेथवर पोहोचण्याचा प्रवास तर सवलतीवाचून व साहाय्यावाचूनच करावा लागतो. शिवाय सवलत तिकिटात असते. गाडीची पहिली पायरी गुडघ्याच्या उंचीला असते, आणि त्या उंचीत कोणतीही सूट नाही.

आपल्या बहुतेक स्थानकांत एक मूळचाच रचनादोष आहे, आणि तो डोळ्यांच्या सवयीचा झाल्यामुळे कोणास खटकत नाही. गाडी फलाटाला नाक लावून उभी राहते, तिचे दार मात्र डाव्या कुशीस असते. म्हणजे प्रवाशाने फलाटावरून खाली आवारात उतरावयाचे, दोन गाड्यांमधील चिंचोळ्या बोळातून जावयाचे आणि पुन्हा पायऱ्या चढावयाच्या. जो उंचवटा चढण्याचे श्रम वाचवण्याकरिता बांधला, तोच येथे अडथळा ठरतो. चाकाच्या खुर्चीला तर त्या बोळात वळणेही अशक्य. पुण्यातील बीआरटी मार्गांवर फलाट आणि बसची भुई एका पातळीत यावी अशी योजना केलेली आहे, त्याचे मर्म हेच.

सुगम स्थानक म्हणजे केवळ उतरण नव्हे. उतरण करावयाची तर एक फूट चढण्यास बारा फूट लांबी हवी. त्याहून तीव्र झाली की खुर्ची ढकलणाऱ्याचाही तोल जातो. तिकीट-खिडकीचा एक भाग बसलेल्या माणसाच्या हाताला पोहोचेल इतका खाली असावा, आणि शौचगृहात खुर्ची फिरवण्यास दीड मीटर व्यासाची मोकळी जागा मिळावी. घोषणा कानांवर पडावी तशीच फलकावर वाचताही यावी, कारण अंधाला फलक निरुपयोगी आणि बहिऱ्याला ध्वनिक्षेपक. पायाखालच्या खडबडीत फरश्या सेइइची मियाके या जपानी गृहस्थांनी योजिल्या व 1967 साली ओकायामा शहरात त्या प्रथम बसवल्या गेल्या: लांब पट्ट्या म्हणजे पुढे चला, गोल उंचवटे म्हणजे थांबा. आपल्याकडे त्या फरश्या बसवतात आणि नंतर त्यांवर दुचाकी उभ्या करतात, याचे अतिशय वाईट वाटते.

कायदा मागे राहिलेला नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने बसथांबे, शौचगृहे व तिकीट-खिडक्या सुगम करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली, आणि जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली; नियम 2017 साली झाले, मुदत 2022 साली सरली. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नियमांतील सुगमतेची मानके शिफारशीवजा न ठेवता बंधनकारक करावीत, असा आदेश केंद्र सरकारला दिला. 2011 च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार अपंग व्यक्ती होत्या. वार्धक्याने गुडघे धरलेल्यांचा आणि कडेवर मूल घेतलेल्या मातांचा त्या गणनेत समावेश नाही, अडचण मात्र त्यांचीही तीच.

कामशेतला लोकल धरून शिवाजीनगरला उतरणारा प्रवासी पूर्वी रेल्वेच्या आवाराबाहेर येताच एस.टी. स्थानकात पोहोचे. मेट्रोच्या कामाकरिता 2019 च्या डिसेंबरअखेर ते स्थानक वाकडेवाडीस हलवले गेले, आणि धडधाकट माणसाला किरकोळ वाटणारे हे अंतर कुबडीवाल्याला रिक्षाच्या भाड्याने मोजावे लागू लागले. मूळ जागी नवे स्थानक बांधण्याचा मनोदय आहे. आराखडा पक्का होण्याआधी चाकाच्या खुर्चीतील माणसाला त्या नकाशापुढे बसवून, लोकलच्या दारापासून गाडीच्या आसनापर्यंतची वाट त्याच्याकडून बोटाने काढून घ्यावी, एवढी तजवीज मी मागतो.

आणि त्याच वेळी कामशेतचाही विचार व्हावा, कारण शिवाजीनगरचा फलाट कितीही निर्दोष झाला तरी नाणे मावळातील गोवित्रीच्या माणसाला तेथे पोहोचण्याआधी कामशेतला गाडीत चढावे लागते. त्याला मोठी इमारत नको आहे. गाडीच्या दारालगत येईल असा एक ओटा, त्यावर चढण्यास बेताची उतरण, दोन्ही बाजूंस लोखंडी कठडा, आणि गाडी त्या ओट्याशी कूस लावूनच उभी राहील असा चालकांना लेखी हुकूम, एवढ्याने पुष्कळ होईल. ओट्यावर छप्पर मात्र हवेच. मावळात आषाढाचा पाऊस दिवसचे दिवस उघडत नाही. ज्याचे दोन्ही हात कुबड्यांना गुंतलेले आहेत, त्याला छत्री धरता येत नाही.