मूल लंगडते, रात्री रडत उठते? हाडांचा टीबी वेळीच ओळखा

दोन-तीन आठवडे झाले तरी मुलाचे लंगडणे थांबत नाही. जमिनीवरची वस्तू उचलताना ते कमरेतून वाकत नाही, गुडघे मोडून खाली बसते. रात्री झोपेतून किंचाळत उठते. 'पडलं असेल कुठे' म्हणून दादी तेल चोळते, अब्बा हाड बसवणाऱ्याकडे नेतात. जळगाव-धुळ्याच्या आपल्या वस्त्यांतही हेच चालते. पण हा हाडांचा टीबी असू शकतो.

दिवसा स्नायू दुखरा सांधा आवळून धरतात. झोपेत ते सैल पडतात, सांधा हलतो आणि कळ येते. म्हणून मूल रात्री रडते. श्वासातून आलेले टीबीचे जंतू रक्तावाटे हाडात पोचतात. सर्वाधिक धोका मणक्याला, मग खुबा आणि गुडघ्याला. उशीर झाला तर मणका खचून कुबड येते, पायही लुळे पडू शकतात. अशा जागी मालीश नकोच.

सुरुवातीला एक्स-रे साधा दिसू शकतो. बेडक्याच्या तपासणीतही काही सापडत नाही. गरजेनुसार एमआरआय करतात, तसेच गळवातला पू किंवा हाडाचा तुकडा घेऊन सीबीनॅट तपासणी करतात. त्यासाठी जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे विचारणा करावी. शासकीय कार्यक्रमात टीबीची औषधे मोफत मिळतात.

उपचार साधारण 12 महिने चालतात, कधी त्याहून जास्त. मात्रा वजनावर ठरते, म्हणून वजन वाढले की ती तपासून घ्यावी. लघवी नारिंगी झाली तर घाबरू नये, तो औषधाचा रंग असतो. डोळे पिवळे झाले किंवा सतत उलट्या झाल्या तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवावे. दोन महिन्यांत मूल खेळू लागते आणि नेमके तेव्हाच घरे औषध सोडतात. तिथेच घात होतो. पोषणासाठी नोव्हेंबर 2024 पासून निक्षय पोषण योजनेत दरमहा 1000 रुपये मिळतात. त्यासाठी नोंदणी करावी.

मुलाला हा जंतू बहुधा घरातल्याच खोकणाऱ्या मोठ्या माणसाकडून येतो. त्यामुळे घरातल्या सर्वांची तपासणी व्हावी.

मुलगी आहे, पुढे निकाहात अडचण येईल, म्हणून आजार लपवला जातो. लपवलेला आजार उद्या कुबड होऊन सर्वांना दिसतो. वेळेवर उपचार झालेली मुलगी ताठ उभी राहते. अल्लाहने आजारासोबत इलाजही दिला आहे, ही पैगंबर (स.) यांची शिकवण आपण जाणतो. तो इलाज मुलापर्यंत पोचवणे हे आपले, आई-बापांचे काम आहे.