कर्करोगाचे तीन फासे

"जन्मभर तंबाखू खाणारे आजोबा ठणठणीत, आणि सुपारीलाही न शिवणाऱ्या काकूंना कर्करोग. असे का?" टेंभुर्णीच्या वर्गातही हा प्रश्न येईल. उत्तरासाठी आपण लुडोचे तीन फासे घेऊ.

पेशी विभागताना जनुकांची नक्कल होते. तीत क्वचित चूक राहते. अशा काही ठरावीक चुका एकाच पेशीत साठल्या, की ती बेबंद वाढते. तिन्ही फाशांवर सहा पडले म्हणजे कर्करोग, असे मानू. शक्यता २१६त १. हा योगायोग.

काहींना एक चूक जन्मतःच मिळते. एक फासा सहावर ठेवलेलाच. शक्यता ३६त १. ही आनुवंशिकता, पण असे कर्करोग शंभरात पाच-दहाच.

तंबाखूमुळे चुका वाढतात. म्हणून पाचलाही सहा माना. शक्यता २७त १. तरी २६ सुटतात, आजोबा त्यांतलेच. आकडे खेळातले आहेत, तर्क मात्र खरा.

याच सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९पासून १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एचपीव्ही विषाणू असतो. लागण झालेल्या बहुतेकींना कर्करोग होत नाही. तरी ज्या गटात या विषाणूची एकदाच तपासणी करून उपचार झाले, तिथे या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले.

योगायोग आपल्या हाती नाही. तंबाखू आणि तपासणी आहेत. म्हणून काकूंना दोष देऊ नये, आणि आजोबांचा दाखलाही देऊ नये.