महाविद्यालयीन प्रशासनात अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे स्थान

प्रस्तावना :
उच्च शिक्षणाच्या विस्ताराबरोबर त्याच्या गुणवत्तेचा प्रश्नही महत्त्वाचा ठरला. त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४ मध्ये राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेची, म्हणजेच नॅकची स्थापना केली. मूल्यांकन समितीची भेट काही दिवसांत संपते. गुणवत्ता मात्र वर्षभर सांभाळावी लागते. या गरजेतूनच महाविद्यालयात अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष स्थापन करण्यावर नॅकने भर दिला.

कायदेशीर चौकट :
महाराष्ट्र विद्यापीठे अधिनियम, १९९४ मध्ये संलग्न महाविद्यालयांसाठी स्थानिक व्यवस्थापन समितीची तरतूद होती. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ नुसार तिच्या जागी महाविद्यालय विकास समिती आली. संस्थाचालक, प्राचार्य, निर्वाचित शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी व विद्यार्थी यांच्या प्रतिनिधींबरोबर गुणवत्ता हमी कक्षाचा समन्वयकही या समितीचा सदस्य असतो. कक्षाच्या अहवालांवर चर्चा करून शिफारशी करणे, तसेच वार्षिक अंदाजपत्रक तयार करणे ही दोन्ही कार्ये याच समितीकडे आहेत. गुणवत्तेचा विचार आणि निधीचा निर्णय येथे एकत्र येतात.

कार्यपद्धती :
समजा, प्रथम वर्ष वाणिज्य वर्गाचा गणित विषयाचा निकाल सलग दोन वर्षे घसरला. विभागाच्या विश्लेषणात असे आढळले की, अनुत्तीर्णांपैकी बहुसंख्य विद्यार्थ्यांनी बारावीला गणित घेतलेले नव्हते. कक्षाने ही बाब केवळ वार्षिक अहवालात नोंदवली, तर कागदपत्रे पूर्ण होतील; विद्यार्थी मात्र नापासच राहतील. तीच बाब समितीपुढे मांडली गेल्यास पूरक वर्गांसाठी वेळापत्रकात तासिका व अंदाजपत्रकात मानधनाची तरतूद होऊ शकते. पुढील निकालावरून उपाय योग्य होता की नाही, हेही तपासता येते. विद्यार्थ्यांच्या अभिप्रायालाही हाच न्याय लागू होतो. अभिप्रायावर काय कार्यवाही झाली, हे विद्यार्थ्यांना कळले नाही, तर पुढील वर्षी ते तो अर्ज केवळ उपचार म्हणून भरतात.

मर्यादा :
अनेक ठिकाणी कक्ष मूल्यांकनाच्या तोंडावर जागा होतो. समन्वयकावर अध्यापनाचा पूर्ण कार्यभार असतो आणि माहिती गोळा करण्यातच त्याची शक्ती खर्च होते. परिणामी विश्लेषणाचे मूळ काम मागे पडते.

समारोप :
कक्षाचे यश अहवालांच्या जाडीवर नव्हे, तर त्याच्या शिफारशींवर झालेल्या निर्णयांवर मोजले पाहिजे. त्यासाठी समितीच्या प्रत्येक बैठकीत मागील शिफारशींचा कार्यवाही अहवाल ठेवणे आणि समन्वयकाचा अध्यापनभार कमी करणे, हे दोन उपाय प्रत्येक महाविद्यालयास करता येण्याजोगे आहेत.