कुटुंबासाठी मालवाहू सायकल

मुलांना शाळेत पोहोचविणे आणि परतताना बाजारहाट करणे, ही अनेक घरांतील नित्याची कामे होत. साध्या सायकलवरून ती करताना मूल मागील कॅरिअरवर बसते आणि पिशवी हँडलला लटकते. मुलाचा पाय चाकाच्या आऱ्यांत अडकण्याची धास्ती असते. पिशवीच्या हेलकाव्याने हँडलही ओढले जाते. डेन्मार्क आणि नेदरलँड्स या देशांत या अडचणीवर मालवाहू सायकलीचा मार्ग निघाला आहे.

पूर्वपीठिका

ही सायकल मुळात व्यापाऱ्यांची. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नेदरलँड्समधील पाववाले व दूधवाले पुढे पेटी असलेल्या तीनचाकी सायकलीवरून माल घरोघर पोहोचवीत. मोटारींच्या प्रसारानंतर ती मागे पडली. कोपनहेगन शहरातील ख्रिस्तियानिया या वस्तीत मोटारींना मज्जाव आहे. तेथील लार्स एंगस्ट्रॉम या कारागिराने १९८४ साली आपल्या पत्नीसाठी लाकडी पेटीची तीनचाकी सायकल तयार केली. पुढे तशा सायकलींना मागणी आली आणि मालाच्या जागी मुले बसू लागली.

रचना

पेटी चालकाच्या पुढे व जमिनीपासून थोड्याच उंचीवर असते. भार खाली राहिल्याने तोल सांभाळणे सोपे जाते आणि मुले सतत नजरेसमोर राहतात. पेटीत बाक, पट्टे आणि पावसासाठी आच्छादन असते.

तीनचाकी सायकल थांबली असताना कलंडत नाही. मात्र वळणावर ती साध्या सायकलीसारखी झुकत नसल्याने वेगात वळविल्यास उलटण्याचा संभव असतो. दुचाकी प्रकारात पुढील चाक पेटीच्याही पुढे असून ते लांब दांड्याने हँडलशी जोडलेले असते. ती वळणावर सहज झुकते, परंतु सरावाशिवाय सावकाश चालविणे अवघड जाते. अलीकडे अनेक सायकलींना विजेच्या मोटारीचे साहाय्य असते.

घ्यावयाची दक्षता

प्रथम रिकामी सायकल, नंतर मुलाच्या वजनाइतके धान्याचे पोते ठेवून सराव करावा. सामान भरताना सायकल स्टँडवर उभी करून वा ब्रेक अडकवून ठेवावी. जड वस्तू तळाशी, मध्यभागी ठेवाव्यात. मुलांना शेवटी बसवून पट्टे बांधावेत. स्टँडवरील सायकलीत त्यांना एकटे सोडू नये. वळणापूर्वीच वेग कमी करावा. सांगाड्याचे जोड वेळोवेळी तपासावेत. २०२४ साली नेदरलँड्समध्ये सांगाडे तुटण्याच्या तक्रारींवरून एका कंपनीच्या मालवाहू सायकलींची विक्री शासकीय यंत्रणेने थांबविली होती.

रस्त्याचा प्रश्न

उत्तम सायकल असली तरी मूल सुरक्षित राहतेच असे नाही. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवरील अपघातांत चारशेहून अधिक मुले दगावली. त्यानंतर पालकांनी चळवळ उभारली. पुढे सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग वाढले आणि वस्त्यांतील मोटारींचा वेग आवरण्यात आला. आपल्याकडे माल वाहणाऱ्या तीनचाकी सायकली सर्वांच्या परिचयाच्या आहेत. त्यामुळे अशी सायकल घडविणे कारागिरांना अशक्य नाही. परंतु तीत मूल बसविण्यापूर्वी घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता तिच्या रुंदीस पुरेसा आहे काय, खड्डे कोठे आहेत आणि अवजड वाहने कोणत्या वेळी येतात, हे पालकांनी, शिक्षकांनी आणि स्थानिक अधिकाऱ्यांनी एकत्र पाहणे अगत्याचे आहे.