अकोल्याचं ऊन आणि शरीरातले दोन हार्मोन

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. विषय हार्मोन्सचा, पण अख्खी यादी नाही घेत. मे महिन्यात अकोला-अमरावतीत पारा ४५ च्या वर चढतो, तेव्हा आपल्याला सांभाळणारे दोनच बघू.

आधी हार्मोन म्हणजे काय? मज्जातंतू म्हणजे एकानं दुसऱ्याला केलेला फोन. हार्मोन म्हणजे ग्रुपवर टाकलेला मेसेज. ग्रंथी तो रक्तात सोडते, तो अंगभर फिरतो, पण ज्या पेशीवर त्याचा रिसेप्टर आहे, तीच तो वाचते.

पहिला एडीएच, म्हणजेच व्हॅसोप्रेसिन. घाम गेला की रक्त थोडं खारट होतं. एक-दोन टक्क्यांचा फरकसुद्धा मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला कळतो. तिथं बनलेला एडीएच पिट्युटरी ग्रंथीतून रक्तात येतो आणि मूत्रपिंडाला सांगतो, ‘पाणी सोडू नको बाप्पा!’ मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात, लघवी होते दीड-दोन लिटर. उन्हात ती आणखी कमी आणि गडद पिवळी होते, ती याच्यामुळं.

दुसरा अल्डोस्टेरॉन. मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली अॅड्रिनल ग्रंथी तो सोडते. त्याचं काम मीठ वाचवणं, लघवीतलं आणि घामातलंही. रोज उन्हात काम करणाऱ्याच्या घामातलं मीठ एक-दोन आठवड्यांत कमी होतं. वर्षभर पुण्यात एसीत बसून थेट मे महिन्यातल्या लग्नाला आलेल्याचं शरीर तेवढं तयार नसतं. इथल्या माणसापेक्षा त्याला ऊन लवकर बाधतं, ते काहून, हे आता कळलं असेल.

पण हार्मोन पाणी वाचवतात, तयार करत नाहीत. म्हणून तीन गोष्टी.

एक, वय वाढतं तशी तहानेची जाणीव मंदावते. आजी ‘तहान नाही’ म्हणाली तरी गिलास हातात द्या.

दोन, खूप घाम गेल्यावर नुसतं पाणीच ढोसत राहिलं, तर रक्तातलं सोडियम खाली जाऊ शकतं: डोकं दुखतं, मळमळतं. मीठ घातलेलं ताक, कैरीचं पन्हं किंवा एक लिटर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट चांगलं. बीपी, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर मीठ-पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.

तीन, दारू एडीएचला दाबते. उन्हातली थंड बिअर पाण्याची जागा घेत नाही.

आणि उन्हातून आलेला माणूस बरळायला लागला, अंग तापलं, तर हार्मोनच्या हाती काही उरलेलं नसतं. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

पुढच्या भागात थायरॉईड. तोवर दुपट्टा बांधा अन् पाणी प्या!