रेणू तोच, मग गोळी का बिघडते?

मे महिन्यात चिकलठाणा वेधशाळेतला पारा चाळिशी ओलांडतो. तिथल्याच औद्योगिक वसाहतीत औषधांचे कारखानेही आहेत, आणि औषधनिर्मितीत ४० अंश सेल्सिअस हा नेहमीचा आकडा आहे. नवी गोळी ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून तपासतात. तिच्यातला रेणू तुटतो का, हे तर पाहतातच. पण रेणू शाबूत राहूनही गोळी बिघडू शकते.

हिरा आणि ग्रॅफाइट दोन्ही कार्बनच, फरक फक्त रचनेचा. औषधांचे रेणूही स्फटिकात एकापेक्षा जास्त प्रकारे रचले जातात. या रेणूंना एकमेकांशी धरून ठेवणारे बंध दुबळे असतात. थंडाव्यात सहसा घट्ट, कमी ऊर्जेची रचना टिकते. तापमान वाढलं की रेणूंची थरथर वाढते आणि थोडी सैल रचना सरस ठरू लागते. एका ठरावीक तापमानाला दोन्ही बरोबरीत येतात. त्यापुढे पदार्थ न वितळता, घनरूपातच आपली घडी बदलू शकतो. मात्र ‘शकतो’ म्हणजे लगेच बदलतो असं नाही. कधी मिनिटं लागतात, कधी वर्षं.

अपस्माराच्या रुग्णांना दिलं जाणारं कार्बामाझेपिन घ्या. खोलीच्या तापमानाला त्याचं एक रूप स्थिर असतं; तापवलं की वितळण्याआधीच दुसरं येतं. दमट हवेत तर ते पाणी शोषून तिसराच स्फटिक बनवतं. गोळी कडक होते, पोटात हळू विरघळते, रक्तातलं प्रमाण घटतं आणि थांबलेले झटके पुन्हा येऊ शकतात. डोस चुकलेला नसतो, हेच फसवं. म्हणून पावडर दळताना, वाळवताना होणाऱ्या उष्णतेवर लक्ष ठेवावं लागतं आणि क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना पडताळावी लागते.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण एचआयव्हीवरच्या रिटोनाविरचं. औषध १९९६ मध्ये बाजारात आलं. १९९८ मध्ये कारखान्यात अचानक त्याचा अधिक स्थिर, पण कमी विरघळणारा स्फटिक उगवला. त्याचे सूक्ष्म कण जिथे पोहोचले, तिथे जुनं रूप बनवणंच अवघड झालं. कॅप्सूल मागे घ्यावी लागली. नंतर आलेली मऊ कॅप्सूल फ्रिजमध्ये जपावी लागे. उन्हाळी देशांतल्या रुग्णांना हे किती जड गेलं असेल! फ्रिजशिवाय टिकणारी गोळी २०१० मध्ये आली.