लष्कराला पाचारण करण्यापूर्वी

शहरात एखादा अमानुष गुन्हा घडला, चार दिवस वृत्तपत्रांचे रकाने त्याच्या वर्णनाने भरले, की आमच्या टपालात एका विशिष्ट मजकुराची पत्रे येऊ लागतात. लिहिणारे बहुधा सुशिक्षित, नोकरदार व कुटुंबवत्सल असतात. भाषाही संयमी असते. शेवटची ओळ मात्र ठरलेली : 'हे शहर महिनाभर लष्कराच्या स्वाधीन करा, म्हणजे सारे सुतासारखे सरळ होतील!' या पत्रलेखकांच्या संतापाविषयी आम्हांस पूर्ण सहानुभूती आहे. ज्याची मुलगी रात्री उशिराच्या गाडीने कामावरून परतते, त्याला गुन्हेगारीच्या कारणांवर व्याख्यान ऐकण्याची सवड नसते. तथापि, जो उपाय ते सुचवितात तो इतरत्र करून पाहिला गेला आहे, आणि त्याचा हिशेब डोळ्यांखालून घालणे अगत्याचे आहे.

ब्राझीलच्या राष्ट्राध्यक्षांनी १६ फेब्रुवारी २०१८ रोजी रिओ दि जानेरो राज्याची सारी सुरक्षाव्यवस्था, पोलीसदलासह, एका लष्करी सेनानीच्या हाती सोपविली. ही व्यवस्था त्या वर्षाच्या अखेरपर्यंत चालली. मार्च महिन्यात घेतलेल्या एका मतचाचणीत रिओ शहरातील ७६ टक्के रहिवाशांनी या निर्णयास अनुकूलता दर्शविली. आणि त्याच चाचणीत ७१ टक्के रहिवाशांनी, सैनिक आल्याने काही फरक पडलेला नाही, असेही सांगितले! वाचकांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. गुण येत नाही हे ठाऊक असूनही रोगी औषध सोडावयास तयार नाही, असा हा प्रकार होता. वर्षअखेर मालमोटारींची लूट कमी झालेली दिसली, खुनांची संख्याही काहीशी उतरली. परंतु त्या राज्यात पोलिसांच्या हातून मारल्या गेलेल्यांची संख्या २०१७ मधील ११२७ वरून १५३४ वर गेली. याच काळात, १४ मार्च रोजी, मारिएल फ्रांको या नगरसेविकेचा भर शहरात गोळ्या घालून खून झाला. त्या खुनाबद्दल २०२४ मध्ये ज्या दोघांना शिक्षा झाली, ते दोघेही पूर्वाश्रमीचे पोलीसच होते. रोग कोठे होता हे याहून अधिक स्पष्ट करून सांगण्याची आवश्यकता नाही.

अमेरिकेची कथा थोडी निराळी आहे. ११ ऑगस्ट २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी राजधानी वॉशिंग्टनमध्ये गुन्हेगारीची आणीबाणी पुकारली आणि नॅशनल गार्डचे सैनिक रस्त्यांवर उतरविले. वस्तुतः त्या शहरातील खुनांचा आकडा २०२३ मधील २७४ वरून २०२४ मध्ये १८७ वर आला होता. त्याच महिन्यातील एका देशव्यापी चाचणीत, मोठ्या शहरांत सैनिकांनी स्थानिक पोलिसांना साह्य करावे, हे निम्म्याहून थोड्या अधिक अमेरिकनांना मान्य असल्याचे दिसले. परंतु ज्यांच्या दारापुढून हे सैनिक फिरत होते, त्या वॉशिंग्टनच्या रहिवाशांना विचारले असता, दर दहांतील जवळजवळ आठ जणांनी अध्यक्षांच्या कारवाईस विरोध नोंदविला.

एका शहराने होकार दिला, दुसऱ्याने नकार. मग लोकमत म्हणजे काय समजावयाचे? आमच्या मते दोन्ही ठिकाणी लोक एकाच गोष्टीविषयी बोलत होते, ती म्हणजे आपले पोलीस. रिओतील गरीब वस्त्यांतला माणूस टोळ्यांना भितो तितकाच पोलिसांनाही भितो. त्याला तिसरा कोणताही गणवेश पूज्य वाटला तर नवल नाही. लष्कराची मागणी हा लष्करावरील विश्वासाचा ठराव दिसतो खरा, परंतु मुळात तो पोलिसांवरील अविश्वासाचा ठराव असतो. लोकमत हे उत्तम साक्षीदार आहे. कोठे दुखते ते ते अचूक सांगते. औषधाची निवड मात्र विचारान्तीच केली पाहिजे.

आम्ही उमेदीची काही वर्षे शाळेत शिकविण्यात घालविली. वर्ग आवरेनासा झाला की मुख्याध्यापकांना बोलावून आणणारे शिक्षक आम्ही पाहिले आहेत. मुख्याध्यापक दारात उभे राहिले की टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पसरे. त्यांची पाठ वळली की पुनश्च तोच गोंधळ. आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेस मुलांना मुख्याध्यापकांचीही भीती उरत नसे. हानी दोघांचीही होई, आणि वर्गाला शिस्त लागत नसे ती नसेच.

मुंबईने लष्कर पाहिलेले आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये पोलिसांतच असंतोषाचा उद्रेक झाला तेव्हा, आणि डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ च्या दंगलींत, जवान या शहराच्या रस्त्यांवर आले होते. परंतु दंगल आणि गुन्हेगारी यांत मोठे अंतर आहे. दंगलखोर उघड्यावर असतो; संचलन करणारी तुकडी पाहून तो घरात शिरतो. खंडणीखोर आणि अमली पदार्थांचा व्यापारी मुळातच घरात बसलेले असतात. तुकडी निघून जाईपर्यंत थांबावयास त्यांचे काहीच जात नाही. त्यांना पकडावयाचे तर गल्लीची माहिती हवी, साक्षीदाराचा विश्वास हवा, पंचनामा निर्दोष हवा आणि आरोपपत्र न्यायालयात टिकावयास हवे. यांतले एकही काम सैनिकाला शिकविलेले नसते, आणि ते त्याला शिकवूही नये. त्याचे शिक्षण शत्रूशी लढण्याचे आहे. नागरिक, अगदी अपराधी नागरिकही, राष्ट्राचा शत्रू नव्हे.

आपल्या कायद्यानेही हा विवेक सांभाळला आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४९ व्या कलमान्वये बेकायदा जमाव अन्य मार्गाने पांगत नसेल तरच दंडाधिकारी सशस्त्र दलांचे साह्य मागू शकतो, आणि तेव्हाही कमीत कमी बळ वापरण्याचे बंधन आहे. अखेरचा उपाय अखेरीसच वापरावा, हे यातील मर्म होय.

मग आरंभीचा उपाय कोणता? तो शोधावयास परदेशी जाण्याचे कारण नाही. २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले की, ठाण्याच्या प्रमुखापासून महासंचालकापर्यंत जबाबदारीच्या अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांची मुदत मिळावी, तपासाचे काम बंदोबस्तापासून वेगळे करावे, आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण असावे. त्यानंतर अनेक राज्यांत सर्व पक्षांची सरकारे आली आणि गेली. या निर्देशांची पूर्ण अंमलबजावणी मात्र झालेली नाही. आजही अनेक ठाण्यांत जो हवालदार मिरवणुकीच्या बंदोबस्तावर रात्र काढतो, त्याच्याच टेबलावर चोरीच्या तपासाचे कागद पडून असतात.

आमच्या पत्रलेखकांस आमची नम्र विनंती आहे. आपला संताप शमवू नये. परंतु त्याचा पत्ता बदलावा. मत मागावयास येणाऱ्या उमेदवारास विचारावे : आमच्या ठाण्याचा अधिकारी वर्षाच्या आत का बदलला? नोंदविलेल्या तक्रारीचा तपास करावयास माणूस का नाही? न्यायालयाचे निर्देश कोठे अडले? हे प्रश्न विचारणे लष्कर बोलाविण्यापेक्षा कष्टाचे आहे, आणि त्यांचे फळही महिन्याभरात हाती येणार नाही. परंतु रात्रीच्या गाडीने परतणाऱ्या त्या मुलीला नाक्यावर ओळखीचा, तिची तक्रार ऐकून घेणारा पोलीस भेटावयास हवा असेल, तर दुसरा मार्ग आम्हांस दिसत नाही.